खूण पाच

पडद्यावर आकडा उमटला, १५,७२,८७६. त्याच्या आधी रोमन अक्षरांत ‘पातेले’ असं लिहिलेलं. रविवारची सकाळ होती. नौपाड्यातलं आईबाबांचं घर, स्वयंपाकघरातलं टेबल, कुकरची तिसरी शिट्टी. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहून चष्मा वरखाली करत बघत होते. जांभळी नाक्याजवळचा आमचा भाड्याच्या भांड्यांचा गाळा महिनाअखेर रिकामा करून द्यायचा होता, कारण इमारत रीडेव्हलपमेंटला गेली होती. गुरुवारी मोडवाला काटा घेऊन येणार होता. त्याआधी गाळ्यात काय काय असायला हवं याची यादी हवी होती, आणि ती यादी माझ्याकडे होती. २००१च्या मे महिन्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर मीच ती केली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर अशी बिऱ्हाडं बदलत फाईल आजवर टिकली. ती वाचणारा प्रोग्राम मात्र टिकला नाही. त्याच्या फ्लॉपीला बुरशी लागली, आणि तो दुसरीकडे कुठेच ठेवला नव्हता. म्हणून आदल्या रात्री आठवेल तसा तो पुन्हा लिहून काढला आणि सकाळी जुन्या फाईलवर चालवला.

“अगं, बारा होती,” बाबा म्हणाले. “चोवीस इंची, बारा नग. तुझ्या आजोबांनी मुंबईला तांबा काट्यावरून आणलेली. पंधरा लाख कुठली?”

बारा आणि चोवीस. मी कॅल्क्युलेटर उघडला. चोवीसला ६५,५३६ने गुणलं, त्यात बारा मिळवले. उत्तर आलं १५,७२,८७६.

फाईल काहीच विसरली नव्हती.

कॉलेजात सी भाषेतले प्रोग्राम लिहायला आम्ही टर्बो सी वापरायचो, निळा पडदा आणि पिवळी अक्षरं. त्यात पूर्णांकाला दोन बाइटची जागा मिळायची. बाइट म्हणजे एका रोमन अक्षराएवढी जागा, आणि दोन बाइटांत ६५,५३६ वेगळे आकडे मावतात. आजचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा, त्याच शब्दाला चार बाइट देतो. माझ्या नोंदीत आधी खुणेचं एक अक्षर, मग नावासाठी एकोणीस, मग नग, मग इंच, एवढंच होतं. नव्या प्रोग्रामने नग वाचायला तोंड उघडलं आणि शेजारचे इंचही त्याच घासात गिळले. मग इंचांसाठी काहीतरी हवं, म्हणून पुढच्या नोंदीत शिरून कढईची खूण आणि तिच्या नावातली पहिली तीन अक्षरं उचलली, आणि पातेल्याचं माप दाखवलं १,१४,५१,२९,७७९ इंच. चौथं अक्षर खुणेच्या जागी जाऊन बसलं. रोमन लिपीतल्या कढईची दोनच अक्षरं मागे राहिली, ए आणि आय. दुसऱ्या ओळीत नावाच्या रकान्यात ती दोनच अक्षरं होती आणि मी ती ‘आई’ अशी वाचली. आई तेव्हा ओट्याशी पाठमोरी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. त्या ओळीवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही.

फाईल १,७५२ बाइटची होती. अठ्ठावीसने भाग जाईना. चोवीसने बरोबर त्र्याहत्तर वेळा गेला. खुणेचं एक, नावाचे एकोणीस, नगाचे दोन, इंचांचे दोन, झाले चोवीस. प्रोग्राममधला एक शब्द बदलला, पूर्णांक दोन बाइटचा केला, आणि त्र्याहत्तर नोंदी रांगेने खाली उतरल्या. पातेली, कढया, झारे, कलथे, पराती, ओगराळी, पाण्याची पिंपं. बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला खुणेचा आकडा होता. एक ते चार मला आठवत होते. तीन नोंदींवर पाच होता.

“बाबा, खूण पाच म्हणजे काय?”

बाबा उठले. “गाळ्यावर गेलो की सांगतो,” म्हणाले, आणि गॅस बारीक करायला गेले. गॅस आईने आधीच बंद केला होता.

तो मे महिना मला वासासकट आठवतो. गाळ्यात शिरलं की आधी चिंच आणि राख, त्यामागून पोत्यांचा कुबट वास, आणि नुकती कल्हई झाली असेल तर नवसागराचा नाकात जाणारा झणका. जर्मनची पातेली एकात एक घालून छतापर्यंत रचलेली. एक काढायला गेलं की सगळी उतरंड झणझणायची आणि समोरचा फुलवाला मान वर करायचा. बाबा लाल कापडी बांधणीच्या वहीतून सांगायचे आणि मी पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायचे. लाल ठिपका म्हणजे नेहमीची, खूण एक. हिरवा म्हणजे फक्त गोडाची, खूण दोन. काळा म्हणजे मटण-मासळीची, खूण तीन. चेंदणीकडच्या लग्नांना ती जायची. कल्हईला टाकायची ती चार. दुपारी टेबलफॅनची हवा कागद उडवायची, म्हणून त्यावर पितळी डाव ठेवायचा. रात्री घरी आले की टाईप करायचं. पाचचा आकडा सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, पाच म्हणजे कुठला रंग? “लिही तू,” बाबा म्हणाले, कारण दारात मुंजीचं गिऱ्हाईक उभं होतं. मी लिहिलं. नावाला एकोणीस अक्षरं पुरतील की नाही याची मला तेव्हा जास्त काळजी होती.

त्या महिन्यात एकदा पूर्ण फसलेही होते. पहिल्या प्रोग्राममध्ये नावाच्या जागी मी नाव ठेवलंच नव्हतं, नाव मेमरीत जिथे आहे तो पत्ता ठेवला होता. सीमध्ये असं करणं सोपं असतं, आणि रात्री सगळं बरोबर दिसतही होतं, कारण नावं अजून तिथेच होती. सकाळी मशीन पुन्हा सुरू केलं तर आकडे शाबूत आणि नावांच्या जागी फुल्या, हसरे चेहरे, ग्रीक अक्षरं. लग्नाच्या हॉलमधल्या खोलीचा नंबर दुसऱ्या दिवशी वऱ्हाड शोधायला कामाचा नसतो, हे मला त्या सकाळी कळलं. बाबा मात्र रागावले नाहीत. वही काढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला बसले. पाच परत आला, मी परत लिहिला.

पोटापाण्याला पुढे हेच काम आलं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बर पकडायची, विटाव्याजवळ खाडीचा वास डब्यात शिरतो तोवर उभं राहायचं, जानेवारी २०२४पासून मध्ये दिघा गाव लागतं, की मग ऐरोली. तिथे दिवसभर एका प्रोग्रामच्या पोटातल्या वस्तू फाईलमध्ये उतरवायच्या आणि दुसऱ्याच्या पोटात उभ्या करायच्या. जावा भाषेतल्या प्रोग्रामने लिहायचं, पायथन भाषेतल्याने वाचायचं, कधी उलट. बाहेरून बघणाऱ्याला यात काम कसलं ते कळत नाही. यादी आहे, ती ठेवली, ती काढली. पण चालत्या प्रोग्राममधली वस्तू सुटी नसते, तिचे हात दहा वस्तूंच्या खांद्यावर असतात. ते सगळं सोडवून एका ओळीत मांडायचं, आणि पलीकडच्याने ती ओळ वाचून ते हात पुन्हा जागच्या जागी ठेवायचे.

पायथनमध्ये याची एक घरगुती सोय आहे, तिचं नाव पिकल, लोणचं. आईची बरणी फडताळात वर्षभर राहते, तशी ही फाईल राहील असं वाटतं. पण या बरणीत फोडी कमी आणि कृती जास्त असते. अमुक गावातल्या अमुक घरून साचा आणा, त्यात हे भरा, त्यावर ते ठेवा, अशा पायऱ्या. साचा, म्हणजे वस्तू कशी घडवायची ते सांगणारा प्रोग्रामचा भाग, स्वतः फाईलमध्ये नसतो, त्याचं नाव आणि ठिकाण तेवढं असतं. एका रात्री दोन वाजता मला फोन आला होता तो यामुळे. टीममधल्या नव्या मुलीने दुपारी फोल्डर नीट लावून ठेवले होते, काम चांगलंच केलं होतं, आणि रात्री थांबलेल्या ऑर्डरींची यादी उघडेना. साचा जुन्या पत्त्यावर नव्हता. डेटा सगळा होता, एक आकडा हरवला नव्हता. अंधारात लॅपटॉपपुढे बसून मला फुल्या आणि हसरे चेहरेच दिसत होते. आणि फाईल उघडणं म्हणजे त्यातल्या पायऱ्या चालवणं असल्यामुळे, अनोळख्या माणसाकडून आलेलं पिकल उघडू नका असं पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलेलं आहे. त्यात काहीही करायला सांगितलेलं असू शकतं.

जावाची तऱ्हा वेगळी. १९९७ सालच्या १.१ आवृत्तीपासून तिच्यात वस्तू जशीच्या तशी ठेवायची सोय आहे. फाईलचे पहिले दोन बाइट ए-सी आणि ई-डी, इतकी वर्षं बघून ते ओळखीचे झालेत. प्रत्येक साच्याला आवृत्तीचा एक आकडा असतो. तुम्ही दिला नाहीत तर साच्याच्या घडणीवरून जावा तो स्वतः काढते, आणि नंतर एखादा रकाना वाढवलात की आकडा बदलतो आणि जुनी फाईल ती घेत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला या अडून बसण्याचा फार त्रास व्हायचा. आता मी जावाच्या बाजूची आहे. पंधरा लाख पातेली आहेत म्हणून बेधडक सांगणाऱ्यापेक्षा, ही फाईल मी ओळखत नाही म्हणून दारात थांबवणारा बरा.

मी यादी केली त्याच सुमाराला, २००१च्या आसपास, अमेरिकेत डग्लस क्रॉकफर्ड नावाचे प्रोग्रामर वेबपानांच्या जावास्क्रिप्ट भाषेतली वस्तू लिहायची साधी पद्धत उचलून दोन मशिनांमधल्या निरोपासाठी वापरत होते. त्या पद्धतीचं नाव जेसन. आपण ते निर्माण केलं नाही, ते होतंच, आपल्याला ते सापडलं, असं क्रॉकफर्ड सांगत आले आहेत. २००६ साली त्याचं आरएफसी, म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धतींचं जाहीर टिपण, निघालं. जेसन मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते ओळखीचं का वाटलं हे समजायला मला गाळ्यावर जावं लागलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. दुकानदार विजेच्या सुईने स्टीलच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून देतो, कोणाच्या मुंजीनिमित्त, कोणाकडून, तारीख. मामाने दिलेलं तांब्याभांडं तीन घरं फिरून आलं तरी कोणाचं म्हणून विचारावं लागत नाही, ते उलटं केलं की कळतं. जेसनमध्ये प्रत्येक वस्तू आपल्या रकान्यांची नावं अंगावर घेऊन येते. नाव: कढई, नग: आठ, इंच: तीस. दुसऱ्या कढईवर पुन्हा तेच सगळे शब्द. जागा जास्त लागते. पण वाचणाऱ्याला साचा शोधत फिरावं लागत नाही.

म्हणून त्यात सगळं मावतं असं नाही. आमच्याकडे एक पितळी झाकण होतं, दोन पातेल्यांना बसायचं. पायथनमध्ये दोन्ही पातेल्यांच्या नोंदी त्याच एका झाकणाकडे बोट दाखवू शकतात, आणि पिकल ते लक्षात ठेवतं, काढताना झाकण एकच निघतं. जेसनमध्ये ते दोनदा लिहिलं जातं आणि पलीकडे दोन झाकणं तयार होतात. मग एकावर पोचा आला की दुसरं तसंच कोरं राहतं. यावर उपाय एकच, झाकणाला क्रमांक द्यायचा आणि पातेल्यांत तो लिहायचा. तारखेला तर जेसनमध्ये जागाच नाही, ती शब्द म्हणून लिहा आणि कशी वाचायची ते आपसांत ठरवा. मोठे क्रमांक जावास्क्रिप्टकडे गेले की ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१पर्यंतच भरवसा. त्यापलीकडे शेवटी ९९३ असलेला क्रमांक गुपचूप ९९२ होतो. कोणाची तरी ऑर्डर कोणाला तरी जाते, आणि आम्ही आठवडाभर शोधत बसतो.

आकडे मात्र नावांपेक्षा हलके, हेही खरं. गूगलने २००८ साली सगळ्यांसाठी खुले केलेले प्रोटोकॉल बफर, डेटा आटोपशीर बांधून ठेवायची आणखी एक पद्धत, मला आवडतात ते बाबांच्या एका नियमामुळे. त्यात रकान्याचं नाव फाईलमध्ये जात नाही, फक्त त्याचा क्रमांक जातो. नावं आणि क्रमांकांची जोडी वेगळ्या कागदावर, आणि तो कागद दोन्हीकडे हवा. रकाना बंद झाला तर त्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, राखून ठेवायचा, ही त्यातली सक्त शिकवण. बाबा भांड्यांच्या बुडाला नंबर ठोकायचे. एकदा कुणाच्या बारशाला गेलेली एकतीस नंबरची परात परत आली नाही. बाबांनी नवी घेतली, तिला नवा नंबर दिला. एकतीस वहीत रिकामाच राहिला. का, असं विचारलं तर म्हणाले, “ती सापडली तर?”

माझ्या फाईलमध्येही खुणेचा क्रमांकच होता. जोडीचा कागद बाबांच्या डोक्यात होता.

मंगळवारी लवकर निघाले, सहापर्यंत गाळ्यावर पोचले. अर्धा गाळा आवरून झाला होता, जर्मन एकीकडे, पितळ एकीकडे. बाबांनी मला मागच्या भिंतीशी नेलं. उलट्या ठेवलेल्या मोठ्या कढईआड पोतं होतं, पोत्याखाली तांब्याचा हंडा, दोन घागरी, एक परात. काळवंडलेली, पण बुडाला नंबर नाही, ठिपका नाही. तीन नोंदी, चार नग. यादी बरोबर होती.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा ऐन तिशीत होते. मागच्या चाळीत राहणारा एक गिरणी कामगार रोज ठाण्याहून लोकलने परळला जायचा. पावसाळ्यापर्यंत त्याने कळ काढली, मग बायकोमुलांना घेऊन गावी निघाला. जाताना ही चार भांडी आजोबांकडे आणून ठेवली. आजोबांनी त्याच्या हातात काही रुपये ठेवले. किती ते बाबांना माहीत नाही, कारण आजोबांनी ते लिहिलेच नाहीत. गहाण म्हटलं नाही, विकत घेतली म्हटलं नाही. “संप मिटला की येतो,” तो म्हणाला होता. आजोबा गेले तेव्हा बाबांना एवढंच सांगून गेले, की ती चार आपली नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि मोडीत काढायची नाहीत.

“मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तुला सांगितलं की,” बाबा म्हणाले. “पाच.”

मला राग आला, आणि तो कोणावर ते ठरवता येईना. २००१ साली त्या घरातलं कोणीतरी सापडलं असतं. मी दोनदा तो आकडा टाईप केला, फाईल चार वेळा जपून एकीकडून दुसरीकडे नेली, एक बाइट इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि पाच म्हणजे काय हे पुन्हा विचारलं नाही. रविवारी मी डोळे झाकून सगळी यादी मोडवाल्याच्या हातात दिली असती तर हंडा आणि घागरी तांब्याच्या भावाने काट्यावर गेल्या असत्या, आणि हिशेब चोख लागला असता. बाबांचंही चुकलंच. पण शहात्तराव्या वर्षी, पाठीला कंबरपट्टा बांधून, ते एकटेच ती कढई सरकवत होते, आणि माझ्या तोंडून काही निघालं नाही.

त्यांनी परात उचलून दारातल्या उजेडात धरली आणि सदऱ्याच्या टोकाने काठ पुसला. सुईचं काम नव्हतं. छिन्नीने ठोकलेली जाड अक्षरं होती, वाकडीतिकडी, पण खोल. बाईचं नाव, गाव, तालुका, साल. मी बोट फिरवलं तर अंधारातही वाचता आली असती. तालुका रत्नागिरी जिल्ह्यातला. नाव इथे लिहीत नाही. तिथल्या ग्रामपंचायतीचा फोन शोधून मी दोनदा लावला आहे. एकदा कोणी उचलला नाही, एकदा ‘विचारून सांगतो’ म्हणाले.

बुधवारी रात्री यादी नव्याने केली. त्र्याहत्तर नोंदी, या वेळी जेसनमध्ये आणि देवनागरीत. पहिल्यांदा साठवली तर सगळ्या अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि आकडे आले. पायथनची ती सवयच आहे, सांगितलं नाही तर तो इंग्रजीपलीकडचं अक्षर असं आकड्यांत बांधून ठेवतो. कुठलंही मशीन ते परत उलगडतं, नुकसान काहीच होत नाही. पण माणसाला ते वाचता येत नाही. ती सवय बंद केली, पुन्हा साठवली, जावातून उघडून पाहिली, मग बाबांच्या फोनवर पाठवली. ते कॉटवर बसून अंगठ्याने सरकवत वाचत होते. हंड्यापाशी थांबले.

“इथे पाच कशाला?”

“खूण आहे ना, बाबा.”

“खूण काढ. परातीवर आहे तसं लिही.”

मी तिन्ही नोंदींतला पाच पुसला आणि ‘मालक’ असा रकाना वाढवला. त्यात परातीवरचं नाव, गाव, तालुका, साल लिहिलं, आणि खाली ‘ठेव, १९८२’. उरलेल्या सत्तर नोंदींत हा रकाना नाही. कार्यालयात मी असं करू दिलं नसतं, सगळ्या नोंदी एकसारख्या हव्यात म्हणून भांडले असते.

गुरुवारी मोडवाला आला. पोरसवदा, बोलायला नम्र. पातेल्याला बोटाच्या पेराने टिचकी मारून पितळ ओळखायचा आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचा, आडव्या रेघा, एक गोल, मध्येच एक फुली. मला त्यातलं काही वाचता आलं नाही. दुपारपर्यंत काट्याचा आवाज चालू होता. शेवटी तो मागच्या भिंतीशी गेला आणि पोतं उचललं. “काका, तांबं वेगळं धरू?”

“ती दुसऱ्याची आहेत,” बाबा म्हणाले.

रिक्षात हंडा पायांशी, दोन्ही घागरी बाबांच्या आणि माझ्या मध्ये, परात माझ्या मांडीवर. गोखले रोडला गर्दी होती. काठावरची अक्षरं माझ्या तळहाताखाली आली होती. गतिरोधक आला की घागरी एकमेकींवर वाजायच्या, आणि बाबा दर वेळी हात मध्ये घालायचे.